दिव्यासमोर अंधार

संध्याकाळी सातच्या पुढे अक्कलकोट रोडला किंवा होटगी रोडला दुचाकीवरून निघालात, की समोरून थोड्या थोड्या वेळाने एखादी गाडी अशी येतेच, जिचा दिवा पिवळट नसतो. निळसर पांढरा, वेल्डिंगच्या ठिणगीसारखा तो थेट डोळ्यांत घुसतो. क्षणभर रस्ता, खड्डा, कडेने चाललेली माणसं, सगळं नाहीसं होतं. गाडी निघून गेल्यावरही डोळ्यांपुढे ठिपके नाचत राहतात आणि आपण अंदाजाने हँडल धरून बसतो.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हल्ली हा विषय हप्त्याच्या हिशेबाआधी निघतो. गटातल्या निम्म्या जणी आता स्वतःची स्कूटी चालवतात. कुणी दवाखान्यात कामाला आहे, कुणी कडक भाकरीच्या ऑर्डरी पोचवते, कुणी शिकवणीहून मुलांना आणते. कुंभारीच्या घरकुलाकडे परतणाऱ्या बायांना तर शहराची वस्ती मागे पडली की अंधारातच जावं लागतं. सगळ्यांची तक्रार एकच, “ताई, समोरचं काय बी दिसंना गेलंय.”

ही भानगड नेमकी आहे काय? तर गाडीच्या हेडलाईटमधला कंपनीने दिलेला हॅलोजन बल्ब काढायचा आणि त्याच खाचेत बाजारातला एलईडी बल्ब बसवायचा, अशी टूम गेल्या काही वर्षांत फोफावली आहे. गॅरेजात मिळतो, अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात मिळतो, मोबाईलवरून मागवला तर घरपोच येतो. अगदी दोन-तीनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत. बसवायला दहा-पंधरा मिनिटं. सर्व्हिसिंगला गाडी दिली की मिस्त्रीच विचारतो, “वहिनी, पांढरा टाकून देऊ का? लांबचं दिसतंय बघा.” आणि आपण बहुतेक वेळा “ह्यांना विचारा” किंवा “मुलाला विचारा” असं सांगून मोकळ्या होतो. भाजी घेताना चार ठिकाणी भाव करणाऱ्या आपण, गाडीच्या बाबतीत मात्र चटकन अंग काढून घेतो. म्हणून हा विषय आज या पानावर.

‘महिलांच्या पानावर बल्ब कशाला?’ असं कुणी म्हणेल, तर त्यांच्यासाठी थोडे आकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं गेली. मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. पायी चालणारी माणसं वेगळीच. दिवसातल्या वेळेचा हिशेब पाहिला तर संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत सर्वाधिक अपघात होतात, असं हे अहवाल वर्षानुवर्षं दाखवतात. आपली घरी परतायची, भाजी आणायची, क्लासहून मुलं आणायची वेळ नेमकी हीच. हे सगळे अपघात काही दिव्यांमुळे झालेले नाहीत, हे उघडच आहे. वेग आहे, दारू आहे, खड्डे आहेत. पण अंधार पडताना रस्त्यावर जो तीन तासांचा धोका आधीच आहे, त्यात आपण आपल्या हाताने आणि आपल्या पैशाने भर घालावी का, एवढाच प्रश्न.

एलईडी म्हटलं की आपल्याला ती चांगलीच वस्तू वाटते, आणि घरात ती आहेही. जानेवारी २०१५मध्ये केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली. तोवर काहीशे रुपयांना मिळणारा बल्ब सत्तर-ऐंशी रुपयांत हाती पडला. देशभरात असे ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. जुना पिवळा बल्ब काढला, नवा पांढरा लावला, खोली उजळली आणि बिल कमी झालं. इतकं सोपं गणित! तेच गणित आपण गाडीला लावतो आणि तिथेच घोटाळा होतो. स्वयंपाकघरातल्या बल्बने चारही बाजूंना उजेड फेकावा एवढीच आपली अपेक्षा असते. ओट्यावर पडला काय, छतावर पडला काय, तक्रार नाही. गाडीच्या दिव्याचं काम दुहेरी असतं. रस्त्यावर उजेड टाकायचाच, पण एका ठराविक रेषेच्या वर तो जाऊ द्यायचा नाही. त्या रेषेच्या वर समोरच्या माणसाचे डोळे असतात.

हे कसं साधतात, ते मी आमच्या भागातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून समजून घेतलं. मी कला शाखेची, विज्ञानाशी गाठ दहावीनंतर सुटलेली. पण त्यांनी हॅलोजन बल्ब हातात देऊन दाखवल्यावर पाच मिनिटांत कळलं. चारचाकीत सर्रास असतो त्या एच-४ बल्बच्या काचेत दोन तारा असतात, एक अप्परची, एक डिप्परची. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. त्या वाटीमुळे तारेचा उजेड खाली जातच नाही, तो फक्त वरच्या अर्ध्या आरशावर पडतो आणि तिथून खाली रस्त्याकडे वळतो. हेडलाईटच्या आतला चकचकीत आरसा त्या तारेच्या नेमक्या जागेचा हिशेब धरून घडवलेला असतो. तार एखाद-दुसरा मिलिमीटर जरी हलली, तरी रस्त्यावरच्या उजेडाचा आकार बिघडतो. बल्बला तीन कान असतात ना, ते त्यासाठीच; तो चुकीच्या बाजूने बसूच नये म्हणून.

आता त्या जागी एलईडी आला. त्यात तार नाही. पट्टीच्या दोन्ही बाजूंना चौकोनी चिप डकवलेल्या. पट्टीला जाडी आहे, चिपला रुंदी आहे, आणि स्वस्तातल्या बल्बात त्या तारेच्या जागी नेमक्या येतच नाहीत. आरसा बिचारा जुनाच. त्याला जिथून उजेड यायला हवा तिथून तो येत नाही, म्हणून तो उजेड वाटेल तिकडे उधळतो. रस्त्यावर पडायचा काही भाग झाडाच्या शेंड्यांवर जातो, आणि काही समोरच्या बाईच्या डोळ्यांत. बल्ब खाचेत बसला म्हणजे तो त्या दिव्यासाठी बनला आहे, असं होत नाही. जावेचं पोलकं आपल्याला घालता येतं, म्हणून ते आपल्या मापाचं असतं का?

आणखी एक गंमत या इलेक्ट्रिशियनमामांनी सांगितली, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. एलईडी बसवल्यावर गाडीवाल्याला खरोखरच उजेड जास्त वाटतो, तो खोटं बोलत नाही. पण वाढलेला उजेड बहुतेक वेळा चाकापुढच्या दहा-पंधरा मीटरांत सांडलेला असतो. जवळचा रस्ता लख्ख झाला की डोळ्याची बाहुली लहान होते आणि दूरचं जे अंधुक दिसत होतं ते अजून काळं होतं. म्हणजे खड्डा दिसतो, पण त्यापुढचा बैल दिसत नाही! हौसेने पैसे घालून आपण जवळचं पाहतो आणि लांबचं गमावतो. ‘लांबचं दिसतंय’ हे मिस्त्रीचं वाक्य गॅरेजच्या भिंतीसमोर पटतं. मंगळवेढ्याच्या रस्त्याला रात्री दहा वाजता ते तपासायला हवं.

डब्यावरच्या आकड्यांबद्दलही बोलायला हवं, कारण मुलं त्यालाच भुलतात. ‘२०,००० लुमेन’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. साध्या एच-४ हॅलोजनचा मानकाप्रमाणे डिप्परला सुमारे १,००० आणि अप्परला सुमारे १,६५० लुमेन असतो. एवढ्यावर गाड्या वर्षानुवर्षं चालत आल्या. मग वीस हजार कुठून आले? बहुधा छापखान्यातून. दुसरा आकडा असतो ६००० के, ६५०० के. तो उजेड किती हे सांगतच नाही, फक्त रंग सांगतो. आकडा जितका मोठा तितका रंग निळसर. हॅलोजनचा असतो ३२०० च्या आसपास. पांढरा एलईडी हा मुळात निळा एलईडी असतो, त्यावर पिवळ्या रसायनाचा थर देऊन तो पांढरा केलेला असतो. या निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४चं नोबेल मिळालं. शोध मोठाच. पण तो निळसरपणा रात्री समोरच्याच्या डोळ्यांना जास्त टोचतो, आणि पावसात ओल्या डांबरावर असा उजेड जणू पिऊन टाकल्यासारखा नाहीसा होतो, असं रात्रीच्या खेपा करणारे ड्रायव्हर सांगतात.

डोळे दिपले की पुन्हा नीट दिसायला काही सेकंद जातात. ‘काही सेकंद’ ऐकायला किरकोळ वाटतं. ताशी ६० किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. तीन सेकंदांत पन्नास मीटर. एवढं अंतर आपण डोळ्यांवर पट्टी बांधून कापतो! वय वाढलं की हा वेळ वाढतो. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने ढोबळपणे एक तृतीयांशच उजेड पोचतो, आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरचा दिवा फुटल्यासारखा चहूकडे पसरतो. हेल्मेटच्या काचेवर चरे असले तरी तेच. घरातले सासरे “आता रात्रीची गाडी नको” म्हणतात तेव्हा आपण त्यांचं वय झालं म्हणतो. थोडा दोष रस्त्यावरच्या दिव्यांनाही द्यायला हरकत नाही.

आपल्या जिल्ह्याचं तर याबाबतीत वेगळंच आहे. हायवेला मधल्या दुभाजकावर कण्हेर, बोगनवेल लावलेली दिसते. ती नुसती शोभेला नसते, समोरच्या गाडीचा झोत अडवायलाही असते. पण तालुक्याला, गावाला जाणाऱ्या कितीतरी रस्त्यांना दुभाजकच नाही, मग कण्हेर कुठली? साखर कारखान्यांच्या संख्येत आपला जिल्हा राज्यात आघाडीवर. गाळप हंगाम सुरू झाला की रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन, कित्येकांना मागे दिवा नाही, रेडियमची पट्टी चिखलाने झाकलेली. समोरून पांढरा झोत आला, आपण डोळे बारीक केले, आणि त्याच क्षणी पुढे ट्रॉली उभी असली तर? काही ट्रॅक्टरांना मागच्या बाजूलाही पांढरा फोकस लावलेला असतो, शेतात काम करायला. तो रस्त्यावर आल्यावर बंद करायचा असतो, हे सांगणारं कुणी नसतं.

आणि चालणारी माणसं. घटस्थापनेच्या सुमारास तुळजापूरहून ज्योत घेऊन अनवाणी पळत निघालेली पोरं रात्रभर रस्त्याने दिसतात. कोजागरीच्या पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांचा तर पूर लोटतो. त्या रात्री वाहतूक दुसरीकडून वळवतात, पण आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत रस्त्याच्या कडेने चालणारे असतातच. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर पहाटे तीन-चारलाच दिंड्या निघतात. डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी समोरून झोत आला की हात डोळ्यांवर घेते आणि थबकते. पाय रस्त्यावर आहे की साईडपट्टीवर, तिला कळत नाही. तिच्याकडे डिप्पर द्यायला काही नसतं.

आता कायदा काय म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९चे. त्यांत दिव्याच्या झोताबद्दल वेगळा नियमच आहे. गाडीसमोर आठ मीटरवर, उजव्या बाजूला अर्धा मीटर सरकून, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला दिपवणार नाही इतका झोत कायमचा खाली झुकलेला हवा. दीड मीटर म्हणजे पाच फुटांना थोडं कमी. मला हा नियम वाचून बरं वाटलं. कुणीतरी कागदावर का होईना, रस्त्यात उभ्या असलेल्या साध्या उंचीच्या माणसाच्या डोळ्यांचा विचार केला होता! पुढे २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगी नसलेला बदल गाडीत करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. केरळच्या उच्च न्यायालयाने २०२४मध्ये गाड्यांवरच्या अशा जादा दिव्यांबद्दल चांगलंच फटकारलं आणि दर बदलामागे पाच हजारांचा दंड लावायला सांगितलं.

लक्षात घ्या, दंड मालकाला. गाडी आपल्या नावावर असेल तर आपल्याला. सवलतीसाठी किंवा हौसेने बायकोच्या नावावर गाडी घेणारी घरं आपल्याकडे खूप आहेत. बल्ब मुलाने बसवला, विकला दुकानदाराने, लावला मिस्त्रीने, आणि पावती फाटणार ती आईच्या नावाने. बल्ब मात्र दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेले. काही डब्यांवर बारीक अक्षरांत ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ असं छापलेलंही असतं, म्हणजे सार्वजनिक रस्ता सोडून कुठेही लावा! सोलापुरात रस्ता सोडून गाडी कुठे चालवायची, सिद्धेश्वर तलावात?

शिवाय तपासतं कोण? पीयूसीला जातो तिथे धूर बघतात, दिवा बघत नाहीत. रिक्षा-टेम्पो-ट्रकला फिटनेससाठी जावं लागतं, पण आपल्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. या पंधरा वर्षांत तिच्या हेडलाईटचा झोत कुठे पडतो हे पाहणारा सरकारी माणूस तिच्या वाट्याला सहसा येतच नाही. चौकात पोलीस असतात, पण ते दिवसा आणि हेल्मेट, लायसन्ससाठी. रात्री नऊला बार्शी रोडला झोताची उंची मोजायला ते कुठून येणार? माझ्या मते खरी ढिलाई इथे आहे. दंड पाच हजारांवरून दहा हजार करून काही होणार नाही. पीयूसी केंद्रावरच गाडी एका भिंतीसमोर उभी करून झोत पाहायची पद्धत पडली, तर दोन मिनिटांचं काम आहे.

जर्मनीत हा प्रश्न त्यांनी कसा हाताळला ते पाहण्यासारखं आहे. तिथे २०२० पर्यंत हॅलोजनच्या जागी बसवायचा कुठलाही एलईडी बल्ब रस्त्यावर कायदेशीर नव्हता. त्या वर्षी ऑसरॅम कंपनीच्या एका बल्बला पहिली मान्यता मिळाली, पुढच्या वर्षी फिलिप्सच्या. पण कशी? सरसकट नाही. अमुक कंपनीची अमुक मॉडेलची गाडी, तिच्यात हा बल्ब बसवून झोत तपासला, ठीक निघाला, तर त्या मॉडेलपुरती मान्यता. यादीत तुमची गाडी नसेल तर बल्ब कितीही महाग असो, चालणार नाही. म्हणजे एलईडी वाईट असं ते म्हणत नाहीत. बल्ब आणि दिवा यांची जोडी जुळते का, ते बघतात. आपण पत्रिका जुळवायला किती वेळ घेतो! इथेही जुळवायला हवी.

तुमच्या नव्या स्कूटरला कंपनीनेच एलईडी दिला असेल, तर हे सगळं तिला लागू नाही. तिच्या दिव्याचा आरसा आणि भिंग एलईडी धरूनच घडवलेले असतात. (उंच मोठ्या गाड्यांचे कंपनीचे दिवेसुद्धा कधी कधी झोंबतात हे खरं, पण त्याचं कारण त्यांची उंची, मागे भरलेलं सामान आणि चालवणाऱ्याचा अप्परवर चिकटलेला हात.)

दुसरी बाजूही ऐकायला हवी. माणसं एलईडीकडे वळतात ती सगळीच मिरवायला नाही. जुन्या गाड्यांचा दिवा खरंच मिणमिणता असतो, रस्त्यावर खांब असतो पण दिवा नसतो. माझ्या गटातली एक जण भाकरी पोचवून रात्री परतते. तिच्या जुन्या स्कूटरचा दिवा रेस दिली तरच उजळायचा, खड्ड्यापाशी वेग कमी केला की विझल्यासारखा व्हायचा. नेमका हवा तेव्हा नाही! तिने एलईडी मागितला तर तिला कसं चुकीचं म्हणायचं? पण तिचं दुखणं बल्बचं नव्हतंच. तिच्या गाडीत दिव्याला वीज थेट इंजिनाच्या कॉईलवरून मिळते, बॅटरीवरून नाही. तिथे साधा एलईडी लावला असता तर तो लुकलुकला असता, नाहीतर जळाला असता. इलेक्ट्रिशियनने वायरिंगमधले गंजलेले जोड साफ केले, आतून काळवंडलेला बल्ब बदलून चांगल्या कंपनीचा त्याच वॅटचा हॅलोजन घातला. खर्च एलईडीपेक्षा कमी आला आणि आता तिला निभावण्यापुरतं दिसतं.

म्हणून आधी दिव्याची काच बघा. ती प्लास्टिकची असते, सोलापूरच्या उन्हाने चार-पाच वर्षांत पिवळी पडते. पिवळ्या काचेमागे कुठलाही बल्ब घातला तरी उजेड आतच अडकतो. टूथपेस्टने घासून ती स्वच्छ होते खरी, पण वरचा रक्षक थर जातो आणि काही महिन्यांत पुन्हा पिवळी होते. चारचाकीवाल्यांनी ती नीट पॉलिश करून वर थर देऊन घ्यावी. चारचाकीचं वायरिंग जुनं असेल तर रिले टाकून हेडलाईटला बॅटरीवरून थेट वीज दिली की तोच हॅलोजन ठळकपणे उजळतो. जास्त वॅटचा, शंभर-नव्वदचा बल्ब मात्र घालू नका. तो नियमात बसत नाही आणि होल्डर, वायर वितळवतो ते वेगळंच.

मग झोताची उंची. हे घरी करता येतं, आम्ही समाजमंदिराच्या आवारात गटाच्या सगळ्या गाड्यांचं केलं. सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटर, म्हणजे साधारण तेहतीस फुटांवर गाडी उभी करायची. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारायची. गाडीवर रोज बसतो तितकी माणसं बसवायची, डिप्पर लावायचा. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या दहा-पंधरा सेंटीमीटर खाली आली पाहिजे, वितीपेक्षा थोडी कमी. वर गेली तर हेडलाईटचा एक स्क्रू फिरवून खाली घेता येते. मागे माणूस बसलं की पुढचा झोत उचलला जातो, हे तेव्हा भिंतीवर स्पष्ट दिसलं. बऱ्याच चारचाकींना डॅशबोर्डवर ०, १, २, ३ असं छोटं चाक असतं, ते याचसाठी. गटातल्या दोघींच्या घरी चारचाकी आहे. त्या चाकाला आजवर कुणी हात लावला नव्हता.

इतकं करूनही एलईडीच हवा असेल, तर नुसता बल्ब न घेता त्या मॉडेलसाठी गाडीच्या कंपनीने दिलेला अख्खा दिवाच मिळतो का ते शोरूममध्ये विचारा. वरच्या मॉडेलला असतो तो आपल्या मॉडेलला चालतो का, आणि तसा बदल नियमात बसतो का, हे लेखी घ्या. परदेशातल्या नातेवाइकाने पाठवलेला हेडलाईट तर मुळीच नको. अमेरिकेत, युरोपात बहुतेक ठिकाणी गाडी उजवीकडून चालते, म्हणून तिथल्या दिव्याचा झोत उजवीकडे उचललेला असतो. आपल्याकडे तो बरोबर समोरून येणाऱ्याच्या तोंडावर जातो. आणि ज्यांच्या गाडीत बल्ब आधीच बसलेला आहे, त्यांनी हीच भिंतीची परीक्षा घ्यावी. उजेडाला वरची स्वच्छ कड दिसत नसेल, सगळीकडे नुसता पांढरा धुरळा पसरलेला असेल, तर तो काढलेला बरा. काही वेळा तो नुसता उलटसुलट बसवलेला असतो. चिपा डाव्या-उजव्या बाजूला हव्यात, वर-खाली नकोत. पण तेवढ्याने तो नियमात बसत नाही.

मागच्या लाल दिव्यात एलईडी घालतानाही थोडं पाहावं. लाल काचेमागे पांढरा एलईडी फिकट गुलाबी दिसतो. शिवाय स्वस्तातल्या बल्बात नेहमीचा दिवा आणि ब्रेकचा दिवा यांत फरकच कळत नाही, मग मागच्याला आपण ब्रेक दाबला हे समजणार कसं? इंडिकेटरला लावला तर वीज कमी लागत असल्याने तो भराभर मिचकायला लागतो, त्याचा फ्लॅशरही बदलावा लागतो. आतल्या छताच्या दिव्याला मात्र खुशाल लावा. तिथे फक्त आपल्यालाच उजेड हवा असतो.

एलईडीच्या मागे उष्णता बाहेर टाकायला पंखा किंवा पत्र्याची फुलं असतात. ती मावत नाहीत म्हणून मिस्त्री हेडलाईटमागची रबरी टोपी कापून टाकतो. मग आरशावर धूळ बसते, पावसात पाणी शिरतं, आणि पुढे हॅलोजन परत बसवला तरी दिवा पूर्वीसारखा राहत नाही. तेव्हा मुलाने हट्टाने बल्ब बदललाच, तर निदान टोपी कापू देऊ नका, आणि काढलेला जुना बल्ब दुकानात सोडून येऊ नका. कागदात गुंडाळून डिकीत ठेवा.